बाकाऐवजी शाल

कल्याणात एखादा माणूस नकोसा झाला तर त्याला कोणी हाकलत नाही. त्याला शाल देतात, नारळ देतात, व्यासपीठावर खुर्ची देतात आणि टाळ्या वाजवून घरी पाठवतात. हे मी पाहिलं तेव्हा कॉलेजात जायच्या वयाची होते. राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

माझे वडील रेल्वेत फिटर. घरात पुस्तकं नव्हती, संपाच्या दिवसांत वाटलेली पत्रकं होती. डब्यांच्या तळाशी घातलेली, फळीवर अंथरलेली. अक्षरओळख मला त्यांच्यावरच झाली. त्यामुळे ‘मागणी’ हा शब्द मला आधी कळला, ‘विनंती’ बऱ्याच उशिरा.

फाळणीनंतर विठ्ठलवाडीच्या पलीकडे लष्कराच्या रिकाम्या बराकींत सिंधी कुटुंबं आणून भरली. गावातले लोक त्यांना ‘कॅम्पातले’ म्हणत, म्हणजे भाजी महाग झाली तरी त्यांच्यामुळे आणि विहीर आटली तरी त्यांच्यामुळे. मी दुपारी तिथे मुलांना मराठी शिकवायला जात असे. शाळा एका बराकीच्या अर्ध्या भागात, मुलं पोत्यांवर, मध्ये चादरीचा पडदा आणि पडद्यापलीकडे एका कुटुंबाचा स्वयंपाक. ती शाळा ज्यांनी उभी केली त्यांना सगळे सिंधी रीतीनं आदरानं ‘साईं’ म्हणत. वय पन्नाशीच्या पुढे. कराचीत बी.ए.च्या शेवटच्या वर्षापर्यंत शिकलेले. परीक्षेच्या तोंडावर वडील गेले, घर अंगावर पडलं आणि ते मास्तरकीला लागले ते लागलेच.

शाळा तपासायला इन्स्पेक्टर आले. मुलांचे पाढे ऐकून खूश झाले आणि जाताना म्हणाले, मुख्याध्यापक पदवीधर नसेल तर मान्यता नाही. वर्षभराची मुदत देतो. मान्यता नाही म्हणजे बराकही जाणार, हे न सांगता सगळ्यांना कळलं.

त्याच सुमाराला विद्यापीठानं कल्याणात संध्याकाळचे वर्ग काढले. घरदार सोडून आलेल्यांना आणि शिकायचं राहून गेलेल्यांना शिक्षण दाराशी मिळावं, वयाची अट नाही, असं जाहीर केलं होतं. मी ते वाचून भोळेपणानं खूश झाले. प्रवेश कोणाला द्यायचा हे मात्र गावातल्या प्रतिष्ठितांच्या समितीवर सोपवलं होतं, आणि अध्यक्ष होते ठाण्याच्या कोर्टात वकिली करणारे एक गृहस्थ. मला प्रवेश मिळाला. साईंना घेऊन मी वकिलांच्या घरी गेले.

वकील झोपाळ्यावर बसले होते. आम्हाला बसा म्हणाले, चहा सांगितला. तिरस्काराची तयारी करून गेलेल्या माणसाला चहा दिला की त्याची फार पंचाईत होते.

“वय काय म्हणालात?” वकिलांनी विचारलं.

“बावन्न.”

“अहो, मग आता शिकायचं कसलं? आता तुम्ही शिकवायचं.”

“वकीलसाब, शिकवायचं आहे म्हणून तर शिकायचं आहे,” साईं म्हणाले. “एकच इम्तिहान राहिलीय.”

मी शाळेची, मान्यतेची सगळी गोष्ट सांगितली. वकिलांनी शांतपणे ऐकून घेतली.

“हे बघ पोरी, वर्गात सतरा-अठराची मुलं असतात. त्यांच्यामध्ये बापाच्या वयाचा माणूस बसला तर शिस्त कशी राहायची? आणि ह्यांनाही ते शोभेल का?”

“शोभायचं काय त्यात? ते बाकावर बसायला येणार, घोड्यावर नाही.”

साईं हसले. वकील हसले नाहीत. “आम्ही विचार करू,” म्हणाले, “ह्यांच्यासाठी काहीतरी चांगलंच करू.”

थोड्या दिवसांनी निरोप आला. रविवारी सकाळी वर्गांचं उद्घाटन आहे, साईंनी अवश्य यावं. आम्हाला वाटलं, झालं काम. कॅम्पातल्या बायकांनी साईंचा सदरा धुऊन निखारे घातलेल्या लोट्यानं इस्त्री केली. मुलांनी त्यांच्यासाठी कोऱ्या कागदांची वही शिवली. ती काखेत धरून ते गावातल्या शाळेच्या सभागृहात आले आणि सरळ मागच्या बाकाकडे निघाले. दोन स्वयंसेवकांनी त्यांना दंडाला धरून व्यासपीठावर नेऊन बसवलं.

विद्यापीठातून आलेले प्राध्यापक बराच वेळ बोलले. ज्ञानाची तहान, आश्रमव्यवस्था, वृद्धांचा अनुभव हीच समाजाची शिदोरी. समोर पहिल्या रांगेत आमच्या गावातले पेन्शनर बसले होते. दिवसभर स्टेशनच्या बाकावर बसून कालचं वर्तमानपत्र वाचणारी ही माणसं. त्यांच्यापैकी एकालाही प्राध्यापकांनी विचारलं नाही की बाबा, तुला काय शिकायचंय. मग वकील उठले. साईंच्या खांद्यांवर शाल आली, हातात नारळ आला. नारळ धरायला हात मोकळा हवा म्हणून वही खुर्चीखाली ठेवावी लागली.

“सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत,” वकील म्हणाले.

साईं उभे राहिले. त्यांनी सभेला नमस्कार केला आणि विचारलं, “उद्या किती वाजता यायचं?”

सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. आभार मानताना वकिलांनी त्यांच्या विनोदबुद्धीचंही कौतुक केलं.

सोमवारी संध्याकाळी साईं आले. शाल घरी ठेवली होती, वही आणली होती. दारात तेच प्राध्यापक उभे होते. ते दुष्ट नव्हते. खरोखर अवघडले होते.

“मास्तरजी, असं कसं चालेल? काल ज्यांना आम्ही शाल पांघरली त्यांची आज हजेरी घ्यायची? मला ते जमणार नाही.”

“मी हजर म्हणेन ना,” साईं म्हणाले.

“प्रश्न तुमचा नाही. संस्थेच्या मानाचा आहे.”

मी मध्ये पडले. “सर, ह्यांनी मान मागितलाच नव्हता.”

“तू आत जाऊन बस.”

“नाही बसत.”

“बेटा, तू बस,” साईं म्हणाले. “एक तरी बसू दे.” आणि ते कॅम्पाकडे चालत गेले.

मी बसले. मन लावून शिकले, कारण ज्याला विरोध करायचा ते नीट समजून घ्यावं हे पत्रकांनीच मला शिकवलं होतं. त्याच आठवड्यात स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं. विद्यापीठानं वयाची अट कागदावरून काढली असेल तर डोक्यातूनही काढावी. उजाड झालेल्या गावांतून आलेल्यांना त्यांच्या लिपीत उत्तरं लिहू द्यावीत. जुनं शिक्षण जिथे थांबलं तिथून पुढे मोजावं. आणि आमच्या रिटायर झालेल्या बापांसाठी प्रवचनं नकोत, वर्ग हवेत. पत्रक मी स्टेशनबाहेर वाटलं. वकिलांनी वडिलांना बोलावून घेतलं आणि मुलीला आवरा म्हणाले. वडील घरी येऊन एवढंच म्हणाले, “शाई फिकी लागलीय. पुढच्या वेळी दाट लाव.”

विद्यापीठाकडून उत्तर आलं नाही. मुदत संपली. इन्स्पेक्टर पुन्हा आले, पाढे पुन्हा ऐकले, ह्या वेळीही खूश झाले आणि मान्यता नाकारली. साईं अजमेरला मुलाकडे गेले. पोरं म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत टाकली. मी दुपारी शिकवलेलं मराठी तिथे कोणी धरलं नाही; मराठी येत नाही म्हणून सगळ्यांना पहिलीत बसवलं.

मी एकदा तिथे गेले होते. आमच्या बराकीत भूमितीची प्रमेयं सोडवणारी बारा वर्षांची एक उंच मुलगी सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत बसली होती. बाक इतका बुटका की गुडघे हनुवटीला लागत होते. पाटीवर ती ‘अ’ गिरवत होती. गुरुजींना विचारलं, एवढी मोठी मुलगी ह्या लहानांत कशी?

“त्यात काय झालं,” ते म्हणाले. “शिकायला वय लागतं का?”