बाटली उघडायची नाही

तमिळ मुलुखातल्या सिरुसेरीच्या त्या कंपनीत भवानीला कोणी नावाने ओळखत नसे. गेटवरच्या यादीत तिच्या नावाच्या जागी नुसतं 'झाडं' असं लिहिलेलं असायचं. रखवालदार तेवढं वाचून तिला आत सोडायचा.

सहा मजले, चारशे बारा कुंड्या आणि भवानी एकटी. कुठली पीस लिली कोणाच्या टेबलामागे आहे, कुठल्या पामवर एसीचा झोत येतो आणि त्याची टोकं करपतात, चौथ्या मजल्यावरचा रबर प्लांट खिडकीकडे कसा कलतो, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. वयाची अठ्ठावन्न वर्षं झाली होती, गुडघे कुरकुरत होते, पण पानाची खालची बाजू बघायला ती अजून उकिडवी बसायची. रोग नेहमी पानाखाली लपतो, वरून बघणाऱ्याला तो शेवटी दिसतो, असं ती म्हणायची.

ती तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातली. तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत दोन खोल्यांत ती आणि तिचा थोरला भाऊ गुंडो राहायचे. लग्न तिने केलं नाही. बघायला आलेल्या दोघांना तिनेच नकार दिला आणि तिसरा आलाच नाही. बाविसाव्या वर्षापासून ती रोपवाटिकांमध्ये राबत होती. सहा वर्षांपूर्वी बालाजीराव नावाच्या दूरच्या मावसभावाने तिला हाताशी धरलं होतं. ऑफिसांना कुंड्या भाड्याने द्यायच्या आणि त्यांची निगाही राखायची, हा त्याचा धंदा.

मार्चमध्ये चौथ्या मजल्यावर मावुपूच्ची दिसली. पानांच्या बेचक्यात कापसाच्या बोळ्यासारखी पांढरी कीड. भवानीने पहिल्याच दिवशी ती हेरली, आजारी कुंड्या बाजूला ठेवायला जागा मागितली. जागा मिळाली नाही. दोन आठवड्यांत कीड तीन मजल्यांवर पसरली, शिवाय ओल्या मातीतून बारीक काळ्या माश्याही उठू लागल्या. मग कोणाच्या तरी डब्याच्या झाकणावर एक पांढरा किडा चालताना सापडला, त्याचा फोटो सगळ्या ऑफिसात फिरला आणि इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या कार्तिकने भवानीला आणि बालाजीरावला खाली बोलावून घेतलं.

कार्तिक तिशीतला, सदा घाईत असलेला माणूस. तो तमिळमध्येच बोलला.

"शनिवारी दुपारी औषध मारा. सोमवारी मला एक पूच्ची दिसता कामा नये."

"कसलं औषध?" भवानीने विचारलं.

बालाजीरावने पिशवीतून तपकिरी बाटली काढून टेबलावर ठेवली. भवानीने ती फिरवून पाहिली. लेबलावर लाल त्रिकोण होता, सगळ्यात जहाल विषाची खूण.

"हे शेतात मारायचं औषध. उघड्या रानात. या इमारतीची एक तरी खिडकी उघडते काय?"

"मध्ये रविवार आहे ना," कार्तिक म्हणाला.

"रविवारी एसी बंद. हवा जाणार कोठे? सोमवारी हजार माणसं येऊन तेच श्वासात घेणार."

"तज्ज्ञ तुम्ही की मी?"

"झाडांची मी," भवानी म्हणाली. "ही बाटली मी उघडणार नाही."

बाहेर आल्यावर बालाजीरावने तिचं कोपर धरलं. "अक्का, का असं करतेस? दोन तासांचं काम. नाक बांध आणि मोकळी हो."

त्याचं हे 'दोन तासांचं काम' भवानीच्या काळजात रुतलं. सात वर्षांमागे दुसऱ्या एका रोपवाटिकेच्या मालकाने तिला असंच प्लास्टिकच्या बंद शेडमध्ये औषध मारायला पाठवलं होतं. पाच मिनिटांचं काम, म्हणाला होता. तिसऱ्या रांगेत तिचे हातपाय लटपटले, तोंडाला फेस आला. चार दिवस ती सरकारी इस्पितळात होती. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मालक म्हणाला, सकाळपासून उपाशी होती, म्हणून चक्कर आली. आणि डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिनेही मान हलवली. होय, उपाशी होते. विषाची आग कधीच उतरली, पण ती हललेली मान तिला आजही डसायची.

"तू दुसरा माणूस आण," ती बालाजीरावला म्हणाली. "पण मी गप्प राहीन असं समजू नकोस."

शुक्रवारी सकाळी बस पकडण्याआधी ती गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात थांबली. बाटलीच्या लेबलाचा फोटो तिने मोबाइलवर काढून ठेवला होता. तो मोठा करून घेतला, शंभर प्रती काढल्या. लेबलावर इंग्रजीत स्पष्ट छापलेलं होतं की बंद जागेत वापरू नये. त्याखाली तिने पेनाने, तमिळमध्ये आणि तिला येत होत्या तशा इंग्रजीत, एकच ओळ लिहिली: हे उद्या तुमच्या मजल्यावर मारणार आहेत.

मग रोजच्यासारखी झारी घेऊन ती निघाली. कुंडीला पाणी, टेबलावर कागद. कुंडीला पाणी, टेबलावर कागद. झाडवाल्यांनी स्टाफशी बोलायचं नाही असा नियम होता. सहा वर्षं तिने तो पाळला होता.

चौथ्या मजल्यावर सावनी नावाच्या मुलीने कागद वाचला आणि खुर्ची मागे सारली. ती कोल्हापूरची, वर्षापूर्वी इकडे आलेली. तिला फोनवर आईशी मराठीत बोलताना भवानीने अनेकदा ऐकलं होतं.

"हे खरं आहे का, अक्का?" तिने मोडक्या तमिळमध्ये विचारलं.

"खरं आहे. मराठीतच बोल."

सावनी चकित झाली. "तुम्ही मराठी?"

"मराठी नाही तर काय? आमचे लोक साडेतीनशे वर्षांमागे इकडे आले. तू काल आलीस."

सावनी हसली, मग गंभीर झाली. "पण काहीतरी करायलाच हवं ना? काल माझ्या की-बोर्डवर माश्या बसल्या होत्या."

भवानीने शेजारच्या कुंडीत बोट खुपसलं आणि ते तिच्या नाकासमोर धरलं. "कसला वास?"

"कॉफी?"

"कॉफी. साखर घातलेली. उरलेली कॉफी तुम्ही लोक कुंडीत ओततां. गोडाला मुंग्या येतात. मुंग्या त्या मावुपूच्चीला गाईसारख्या राखतात. आणि माती कधी वाळतच नाही, म्हणून माश्या. किडे मी आणले नाहीत, बाळ. तुम्ही पोसलेत."

सावनीच्या टेबलावरचा कप अर्धा भरलेला होता. तिने तो हळूच मॉनिटरमागे सरकवला. "मावुपूच्ची म्हणजे ते पांढरं? माझी आई पिठ्या ढेकूण म्हणते."

"ढेकूण म्हण, पूच्ची म्हण. साबणाच्या पाण्यानेच मरतं. नेटाने पुसायला माणूस पाहिजे, एवढंच."

दुपारपर्यंत कार्तिककडे ईमेलचा पाऊस पडला. चार वाजता त्याने भवानीला बोलावून पास काढून घेतला.

"स्टाफशी बोलायचं नाही, हा नियम तुम्हाला माहीत होता."

"माहीत होता. माणसांच्या नाकातोंडात विष जाणार असेल तर त्यांना आधी सांगायचं, हा नियम कोठे लिहिलाय? तो दाखवा, मग तुमचा मी पाळते."

"उद्यापासून यायचं नाही."

"आत येणार नाही. बाहेरचा रस्ता तुमचा नव्हे."

आणि खरोखरच शनिवारी ती पुन्हा दीड तासाचा बसप्रवास करून सिरुसेरीला आली. गेटसमोरच्या बसथांब्यावर बसून राहिली. औषध मारणारी गाडी आली असती तर ती काय करणार होती, हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. कदाचित गाडीसमोर उभी राहिली असती. ऊन चढलं, डांबर तापलं, गुंडोने बांधून दिलेला दहीभात तिने थांब्यावरच खाल्ला. गाडी आली नाही. तीनच्या सुमाराला गेटातून कार्तिकच बाहेर आला.

"वरून आदेश आलाय. फवारणी रद्द," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "पण किडे गेले नाहीत तर सगळ्या कुंड्या उचलून प्लास्टिकची झाडं लावणार. किती दिवस लागतील?"

"एकवीस. आणि आजारी कुंड्यांना एक रिकामी खोली."

"नाही जमलं तर?"

"तर तुमची प्लास्टिकची झाडं मीच पुसून लावीन."

तात्पुरता पास आणि पाचव्या मजल्यावरची ट्रेनिंगची खोली तिला मिळाली. कीड लागलेल्या दोनशेवर कुंड्या तिने तिथे हलवल्या. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवायचा, प्रत्येक बेचक्यातली पांढरी कीड टिपून काढायची, पान दोन्ही बाजूंनी साबणाच्या पाण्याने पुसायचं, दोन दिवसांनी कडुनिंबाच्या तेलाचा हलका फवारा द्यायचा. आठव्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून, कारण अंडी फुटतात. जेवणाच्या सुट्टीत सावनी यायची, तिच्यामागून दहाबारा जण. पहिल्या दिवशी नाक मुरडणाऱ्या मुली तिसऱ्या दिवशी पानं उलटून एकमेकींना किडे दाखवू लागल्या. बाकी मजल्यांवर तिने पाणी निम्म्यावर आणलं आणि मातीत पिवळे चिकट कागद रोवले. त्यांवर माश्या अडकायच्या. एकदा एक मोठा साहेब पामच्या कुंडीत ताक ओतताना तिच्या तावडीत सापडला. सगळ्यांदेखत तिने त्याच्या हातातून ग्लास काढून घेतला.

दुसऱ्या आठवड्यात अंडी फुटली आणि बऱ्या झालेल्या पानांवर पुन्हा पांढरे ठिपके दिसले. कार्तिकने येऊन फोटो काढले. संध्याकाळी बालाजीराव कुजबुजला, "थोडंसंच, अक्का. या खोलीपुरतं. कोणाला कळणार नाही."

"मला कळेल," भवानी म्हणाली. पण त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये तिच्या मनात शंका घोळत राहिल्या. आपण चुकलो असलो तर? हट्टापायी सगळी झाडं घालवली तर? दुसऱ्या दिवशी तिने मन घट्ट केलं आणि ज्यांच्या मुळांपर्यंत कीड पोचली होती अशी सदतीस झाडं स्वतःच्या हाताने पिशव्यांत बांधून बाहेर काढली. त्यांत तिने चार वर्षं वाढवलेला एक ड्रॅसिना होता.

एकविसाव्या दिवशी कार्तिक विजेरी घेऊन सहाही मजले फिरला. उकिडवा बसून त्याने पानांच्या खाली पाहिलं. त्याला काही सापडलं नाही.

"बरं केलंत," तो म्हणाला आणि एक छापील कागद पुढे केला. "यावर सही करा, म्हणजे पास कायमचा परत."

कागदावर लिहिलं होतं की भवानीने गैरवर्तन करून कर्मचाऱ्यांमध्ये घबराट पसरवली, त्याबद्दल ती माफी मागते.

बालाजीरावने घाईघाईने पेन दिलं. "कागदच आहे, अक्का. कोण वाचतंय?"

भवानीने सगळा कागद दोनदा वाचला. "यातलं एकही वाक्य खरं नाही," ती म्हणाली. "खोट्याला मान हलवून मी एकदा पाहिलंय. आतां नाही."

"पास मिळणार नाही."

"नको."

तिने पेनाला टोपण लावून ते टेबलावर ठेवलं. मग वर जाऊन झारी, कात्री, उरलेला कापूस पिशवीत भरला. चौथ्या मजल्यावरच्या रबर प्लांटला नवं पान येत होतं, लाल वेष्टणातून नुकतंच डोकावणारं. ते उलगडलेलं बघायला आपण नसणार, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं. बसमध्ये तिला रडू कोसळलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

घरी गुंडोने सगळं ऐकून घेतलं. "सही नाही केलीस ना?" एवढंच विचारलं आणि कॉफी टाकायला उठला.

त्या ऑफिसात आता दुसरा माणूस कुंड्यांना पाणी घालतो. कुठलंही औषध मारण्याआधी दोन दिवस त्याचं लेबल लिफ्टजवळ लावायचं, असा नियम तिथे झाला आहे. सावनीने फोनवर सांगितलं तेव्हा भवानी म्हणाली, "बरं झालं. वाचा म्हणावं."

सावनीनेच तिला हमरस्त्यालगतच्या उंच इमारतींतली कामं मिळवून दिली. आता ती घरोघरी जाऊन झाडं बघते, स्वतःच्या नावावर. गेल्या आठवड्यात चौदाव्या मजल्यावरच्या एका बाईंनी तिला सांगितलं, पाहुणे येणार आहेत, सगळ्या पानांना खोबरेल चोळून चमकवा.

"तेलाने पान गुदमरतं, धूळ चिकटते. ओल्या फडक्याने पुसून देते," भवानी म्हणाली.

"घर माझं, झाडं माझी. मी सांगते तसं करा."

भवानीने पिशवी उचलली, दारात चपला घातल्या. बाई काहीतरी बोलत राहिल्या. त्याच इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून पामवर लाल कोळ्याची कीड पडल्याचा निरोप सकाळीच आला होता. ती लिफ्टमध्ये शिरली आणि तीनचं बटण दाबलं.