सुनेचा गप्प कॉम्प्युटर

गिरणीतल्या ताज्या कोंड्याचा वास आला की मला सुनेचा कॉम्प्युटर आठवतो. कशेळ्यात आमची भाताची गिरणी, तिची खोली गिरणीला लागूनच. तिनं लिहिलेला प्रोग्रॅम कॉम्प्युटरला एकामागं एक हुकूम सोडायचा, त्याची उत्तरं मनात धरून ठेवायचा आणि शेवटी एकदम दाखवायचा. त्या दुपारी तो साहेबांना दाखवला की तिची नोकरी पक्की होणार होती. ती चहा टाकायला उठली. मी बघतो तर पडदा काळा, एक अक्षर नाय. गिरणी गप्प झाली की पट्टा अडकला समजायचं आणि आधी मेन स्विच पाडायचा, हेच माझं शिक्षण. मी पाडला. "आबा! अडकला नव्हता ओ, उत्तरं गोळा करत होता! सकाळपासूनची सगळी गेली!" "लाईट गेली गं, मी काय करू?" मी उलटा तिच्यावरच खेकसलो. खिडकीतून समोरच्या सलूनचा पंखा फिरताना दिसत होता. तिनं तो पाहिला, मग मला पाहिलं, आणि फोनवर म्हणाली, "सर, आमच्याकडं लाईट गेली." नोकरी हुकली. आता खरंच लाईट जाते तेव्हा मी तिच्याकडं न बघता अंगणात जाऊन बसतो.