रास अल खैमाची धाकटी

शारजाला निघाले तेव्हा माझ्या बॅगेत साड्या कमी आणि भडंग जास्त होतं. मेधानं फोनवर बजावलं होतं, "बाई, इथं सगळं मिळतं, काही आणू नका." पण जिनं सगळी नोकरी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून केली, तिला मुलींकडे रिकाम्या हातानं ये म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. भडंगाचे पुडे, सांगलीची हळद, बेदाणे असं सगळं कोंबलं, बॅगेवर बसले आणि चेन लावली.

मेधा माझ्या वसतिगृहातली जुनी मुलगी. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर शारजाला गेली आणि तिथलीच झाली. तिची मुलगी इरा दुबईत कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला बोलावणं होतं ते खरं तर इराचं.

त्याचं असं आहे. आमच्या वसतिगृहात एक रीत होती. नव्या मुलीला पहिल्याच दिवशी एक थोरली नेमून द्यायची. ताप आला, घरची आठवण आली, पेपर अवघड गेला, की धाकटीनं थोरलीचं दार वाजवायचं. वर्षाच्या शेवटी सगळ्यांसमोर उभं राहून धाकटीनं थोरलीचं नाव उखाण्यात घ्यायचं. नवऱ्याचं नाव पुढं घ्यायचंच आहे, आधी हिचं घ्या, असं मी म्हणायचे. नियम कडक होते. कागद बघायचा नाही, कुणी सुचवायचं नाही, अडखळली तर पुढच्या वर्षी. नाव घेतलं की ती कायमची आमची.

ही रीत मेधानं लेकीला सांगितली आणि लेकीनं ती तिथल्या कॉलेजांत नेली. अमेरिकेत मुलींच्या अशा संघटना असतात म्हणे, कॉलेजाकॉलेजांत त्यांच्या शाखा. त्यांचं बघून इरा शाखेला 'चॅप्टर' म्हणते. दुबई, अबुधाबी आणि रास अल खैमा अशा तीन शाखा, नाव 'थोरली-धाकटी मंडळ'. आता आजी, तुम्ही येऊन बघा, असा तिचा हट्ट. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पासपोर्ट काढायला मी दुसऱ्याच दिवशी गेले.

मेधाचं घर अल नहदात, म्हणजे शारजाच्या हद्दीवर. मेधाच्या खिडकीतून समोर इमारतींच्या मागं इमारती आणि त्यांच्यापलीकडे दुबई सुरू. सकाळी खाली नुसती गाड्यांची रांग. मेधाचा नवरा त्या रांगेत रोज जातो आणि रोज वैतागतो. मी गॅलरीत चहा घेत बसले तर इरा आतून, "आजी, यल्ला, लेट होतंय." यल्ला म्हणजे चला. दोन दिवसांत मीही मेधाला यल्ला म्हणायला लागले.

पहिली शाखा दुबईची. एका वर्गात मुली जमल्या होत्या, जीन्स घातलेल्या, केस मोकळे, आपापसांत इंग्रजी. मनात म्हटलं, ह्या काय उखाणे घेणार. तेवढ्यात एक उंच पोरगी उभी राहिली आणि धडाधड म्हणाली,

"मेट्रोला नाही ड्रायव्हर, तरी चुकत नाही वाट,
साक्षीचं नाव घेते, वाढा जेवणाचं ताट."

मी हसून हसून बेजार. एकीमागून एक सगळ्यांनी घेतले, एकही अडखळली नाही. भडंगाचे पुडे तिथंच निम्मे संपले. परतताना मी मेधाला म्हटलं, तुझ्या लेकीनं नाव काढलं. मेधा गाडी चालवता चालवता डोळे पुसायला लागली, तेव्हा मीच तिला रस्त्याकडे बघायला सांगितलं.

अबुधाबीला जाताना मात्र घोटाळा झाला. मेधा आणि मी जुन्या मेसच्या आमटीवर बोलत बसलो, इरा मागं मोबाईलमध्ये, आणि वळण चुकलं. उतरलो ते थेट मुसफ्फात. तिथं नुसती वर्कशॉपं. लोखंडी पत्रे, वेल्डिंगच्या ठिणग्या, कामगारांना नेणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या. वाट विचारायला एका टपरीवजा कॅफेटेरियापाशी थांबलो आणि करक (आटवलेला, वेलचीचा कडक चहा) घेतला. चहावाला केरळचा होता, बोलत होता हिंदीत.

"अम्मा, बेटी के पास आये?"

"बेटियों के पास," मी म्हटलं. "बहुत सारी हैं."

तो मेधाकडे बघून म्हणाला, "माशाल्ला." आणि वाट इतकी व्यवस्थित सांगितली की पुन्हा चुकायची सोय राहिली नाही.

कॉलेजच्या फाटकावर पहारेकऱ्यानं ओळखपत्र मागितलं. माझा पासपोर्ट मी अगदी जपून, मेधाच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवला होता. वसतिगृहाच्या फाटकावर मी कितीक पालकांना असंच परत पाठवलंय, त्यामुळं त्या माणसाशी भांडायला तोंडच नव्हतं. शेवटी मुलीच बाहेर आल्या आणि गाड्या लावायच्या जागी, खजुराच्या झाडाखाली, कट्ट्यावर बैठक झाली. पहारेकरी लांबून ऐकत होता.

तिथली प्रमुख तन्वी. हुशार, स्पष्ट बोलणारी, वडिलांचं मुसफ्फातच फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. उखाणे झाल्यावर तिनं विषय काढला. "आजी, रास अल खैमाचं काहीतरी ठरवा. तिथं एकटी सानिका उरलीय. तीही लास्ट इयरला. तिला मराठी ज्युनियर मिळाली नाही म्हणून तिनं एक मल्याळी मुलगी धाकटी केलीय. ती उखाणा बाय हार्ट करून म्हणणार. मग आपलं मराठी मंडळ कशाला म्हणायचं?"

"आय ॲग्री," इरा म्हणाली. "चॅप्टर बंद करू या. खलास. सानिका दुबईच्या ग्रुपमध्ये येऊ दे."

खरं सांगते, मलाही पहिल्यांदा तन्वीचंच पटलं. पण रेक्टरची सवय अशी जात नाही. मी इराला विचारलं, "तू तिकडं शेवटची कधी गेली होतीस?"

इरा मोबाईल चाळायला लागली.

"म्हणजे उंटांच्या देशात राहून तू उंटावरून शेळ्या हाकतेस. उद्या जायचं. तन्वी, तूही चल. सानिकाच्या धाकटीनं उखाणा नीट घेतला तर शाखा राहील, अडखळली तर बंद. नियम सगळ्यांना एक."

हे मी ठणकावून सांगितलं आणि सगळ्यांना पटलंही.

दुसऱ्या दिवशी पासपोर्ट मी पर्समध्ये घालून पर्स गळ्यात अडकवली. शहर मागं पडलं तशी वाळू लागली आणि एकदाचे उंटही दिसले, कुंपणाआड, आपल्याकडच्या म्हशींसारखे रवंथ करत. पुढं डोंगर आले. आमचा दंडोबाचा डोंगर उन्हाळ्यात बोडका दिसतो म्हणून आम्ही हळहळतो, पण इथल्या डोंगरांनी पान कधी पाहिलेलंच नाही. उघडा, तांबूस करडा दगड, आणि पायथ्याशी सिमेंटचे कारखाने. गाडीच्या काचेवर बारीक धूळ बसत होती.

सानिका फाटकावरच उभी होती. बुटकी, चष्मा लावलेली, हातात थालीपिठांचा डबा. तिचे वडील टाइल्सच्या कारखान्यात आहेत, घर मूळचं कराडचं. डबा हातात तसाच धरून तिनं वाकून नमस्कार केला. तिला आदल्या दिवशीच इरानं सगळं कळवलं होतं.

"आजी, मी दोन वर्षं हे चालवलं," ती म्हणाली. "सिनियर होत्या त्या गेल्या, काहींच्या वडिलांच्या नोकऱ्या गेल्या, त्या इंडियाला परत गेल्या. मी बंद नाही पडू दिलं. आज जिन्सी अडखळली तर माझ्यामुळं बंद पडलं असं होईल."

"तुझ्यामुळं कसं?"

"मीच शिकवलाय ना उखाणा."

जिन्सी तिच्यामागं उभी होती. काळीसावळी, लांब वेणी, पंजाबी ड्रेस, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलेलं. तिच्या आईनं पळम्पोरी (पिकल्या केळ्याची भजी) करून पाठवली होती. थालीपीठ आणि पळम्पोरी एका ताटलीत खाल्ली. बरी लागते, करून बघा.

खाताना मी सानिकाला विचारलं, ही तुला कुठं भेटली. तेव्हा कळलं. जिन्सी पहिल्या वर्षाला असताना एकदा तिचं पोट भयंकर दुखायला लागलं. आई केरळला गेलेली, वडील सिमेंटच्या कारखान्यात कामावर, फोन लागेना. ओळख म्हणजे लायब्ररीत एकदा बोललेल्या, एवढीच. तिनं सानिकाला फोन लावला. सानिका स्वतःचा परीक्षेचा अभ्यास टाकून गाडी घेऊन गेली, दवाखान्यात नेलं, ऑपरेशन होईपर्यंत बाहेर बसून राहिली. त्या दिवसापासून ही तिच्यामागं आहे.

मग उभं राहायची वेळ झाली. खोलीत आम्ही मोजक्याच जणी. इरा आणि तन्वी मागच्या बाकावर, मेधा माझ्या शेजारी, सानिका भिंतीला टेकून, चष्मा काढून पुसत. जिन्सी मधे आली. तिनं डोळे मिटले आणि स्वच्छ मराठीत सुरू केलं,

"डोंगर इथला बोडका, नाही झाड ना सावली..."

आणि थांबली.

तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा हलले. मान खाली गेली. मेधानं माझा हात घट्ट धरला. सानिका तर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागून कुजबुज आली, "सानिकाचं..." बघते तर तन्वी. आदल्या दिवशी हिच्या उखाण्यावर नाक मुरडणारी हीच पोरगी, आता तिलाच राहवेना.

"सुचवायचं नाही," मी म्हटलं. "जिन्सी, विसरलीस का बाळ?"

तिनं मान हलवली. मग मोडक्या मराठीत, मधेमधे हिंदी घालत म्हणाली, "नाही आजी. नाव तोंडात आहे. बाहर नहीं आता. ती माझी चेच्ची आहे." चेच्ची म्हणजे मल्याळी भाषेत थोरली बहीण. "मी कधीच नाव नाही घेतलं. मोठ्यांचं नुसतं नाव घेतलं तर अम्मा ओरडते. एकटी होते तेव्हा येत होतं. ती समोर आहे तर येत नाही."

अहो, माझ्या आईनं जन्मभर वडिलांचं नाव उच्चारलं नाही. रेशनच्या दुकानात कुणाच्या नावावर विचारलं तर ती माझ्याकडे बघायची आणि मी सांगायचे. मंगळागौरीला बायका आग्रह करायच्या तेव्हा ती अशीच उभी राहायची, मान खाली, पदराचं टोक बोटाला गुंडाळून. एरवी जे नाव तोंडातून निघत नाही, ते एकदा सगळ्यांसमोर घेता यावं म्हणून तर उखाणा. माझ्या वसतिगृहातल्या मुली थोरलीला दिवसभर "ए शिल्पे" म्हणून हाका मारायच्या आणि संध्याकाळी कविता पाठ म्हटल्यासारखा उखाणा म्हणून मोकळ्या व्हायच्या. दुबईतल्या मुलींचंही तेच. नाव घेणं कुणालाच जड नव्हतं. ते जड जाताना मी आईनंतर पाहिलं ते या सिमेंटच्या गावात, एका मल्याळी पोरीला.

"वेळ घे," मी म्हटलं. "हे अडखळणं नव्हे. माझ्या नियमात हे बसत नाही. आम्ही सगळ्या थांबतो."

इरा काहीतरी बोलणार होती, मेधानं तिला डोळ्यांनी दटावलं. आम्ही थांबलो. बाहेर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं, तेही संपलं. जिन्सीनं ओढणीचं टोक सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग मान वर न करता, आम्हाला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू,

"डोंगर इथला बोडका, नाही झाड ना सावली,
सानिकाचं नाव घेते, जी हाकेला धावली."

सानिका मागं वळली ती रडतच. जिन्सीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. तन्वी पहिली उठली आणि तिनं दोघींना मिठी मारली. माझंही नाक वाहत होतं, आणि मी ते पुसलं नाही. इतका अभिमान मला माझ्या निवृत्तीच्या समारंभातही वाटला नव्हता.

गाडीत बसताना इरानं विचारलं, "आजी, मग डिसीजन?"

"डिसीजन कसला? शाखा आहे. पुढच्या वर्षी दुबई-अबुधाबीच्या मुलींनी इथं यायचं आणि नाव कसं घेतात ते बघायचं."

"सगळ्यांनी?" तन्वी म्हणाली. "मीही?"

"तू सगळ्यांत पुढं बस," मी म्हटलं, आणि ती हसली.

सांगलीला परतल्यावर जो तो विचारत होता, उंच इमारत बघितली का, सोनं स्वस्त आहे का. इमारत गाडीतून बघितली, सोन्याचं ठाऊक नाही. मी त्यांना जिन्सीचं सांगते. काही जणींना त्यात एवढं काय आहे ते कळत नाही. ज्यांच्या आयांनी कधी नाव घेतलं नाही, त्या मात्र तो उखाणा मला पुन्हा म्हणायला लावतात. आपली रीत आपण घरी हलकी करून टाकली आणि परक्या घरच्या लेकीनं तिचं वजन राखलं, याची मला लाज वाटायला हवी होती बहुतेक. पण मला आनंदच वाटतो. रीत कुणाच्या का हातात असेना, जिवंत आहे.

सानिका पास झाली, दुबईला नोकरीला लागली. कॉलेजं पुन्हा उघडली आणि एका संध्याकाळी मला फोन आला. जिन्सी होती. आता तिचं मराठी बरंच सुधारलंय.

"आजी, मला धाकटी मिळाली. सुदानची आहे. ती विचारते, उखाणा इंग्लिशमध्ये चालेल का?"

"मग तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, नाही चालणार. मराठीतच. कागद नाही, कुणी सुचवायचं नाही. आणि नाव निघालं नाही तर आम्ही थांबू."