चोरटी हवा

गॅरेजवाल्याला सगळे सायलेंसर म्हणत. हे नाव समोरच्या स्पेअर पार्टवाल्याने ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की पुढे पुढे बायकोसुद्धा माहेरी गेली की 'आमचे सायलेंसर' म्हणूनच त्याच्याविषयी बोलायची. गाडी घेऊन आलेल्या माणसाचं तो सगळं ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि कामाला लागायचा. काम झालं की चावी हातावर ठेवायचा. गिऱ्हाइकाला त्याचे दोन-चार शब्द ऐकायला मिळाले तर दिवस चांगला गेला म्हणायचा.

हाताला मात्र गुण होता. कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शनच्या मोटरसायकली आल्या तेव्हा त्याच्या वयाच्या बऱ्याच मिस्त्रींनी हात टेकले. हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा शिकायला बसला. बायको माहितीपुस्तक मोठ्याने वाचायची, हा डोळे मिटून ऐकायचा. "म्हणजे सेन्सर म्हणजे चुगलखोर बाईच की हो," ती मध्येच थांबून म्हणायची. "इथलं तिथं जाऊन सांगायचं, एवढंच काम." तो हसायचा, पण बिनआवाजाचं.

घरातलं बोलण्याचं खातं तिच्याकडेच होतं. त्यांना एकच मुलगी. जन्मली तेव्हा अगदीच इवलीशी होती म्हणून आईने तिला टिकली म्हणायला सुरुवात केली, आणि ती बापाएवढी उंच झाली तरी टिकलीच राहिली. बाप हाताच्या अंतरावर बसलेला असायचा आणि टिकली म्हणायची, "आई, बाबांना विचार ना, मी मैत्रिणीकडे राहू का?" आई मान वळवायची. "ऐकलंत का, ती विचारतेय." बाप म्हणायचा, "हं." आई परत मान वळवून सांगायची, "राहा म्हणतायत, पण सकाळी लवकर ये म्हणतायत. आणि पांघरूण ने म्हणतायत." एका 'हं'मधून ती एवढं सगळं काढायची, आणि खरंच त्याच्या मनात तेवढं सगळं असायचं.

टिकलीची आई गेली. आजार फार लांबला नाही. मागे उरलेली दोन माणसं एकमेकांवर जीव टाकणारी होती, पण ते सांगायचं कसं, हे दोघांपैकी कुणीच कधी शिकलं नव्हतं.

टिकली शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहायची. एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचं काम. सुट्टीच्या दिवशी ती यायची. बाप चहा करायचा. दोघं चहा प्यायचे. "बरं आहे ना सगळं?" "हो. तुमचं?" "हं." मग दोघंही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, आणि थोड्या वेळाने ती म्हणायची, "येते बाबा." हळूहळू एखादी सुट्टी चुकू लागली. त्याचा राग नव्हता. ती येऊन तरी काय करणार, असं त्यालाच वाटायचं.

मग तिची मोटरसायकल बिघडली. सेकंडहँड घेतलेली, इंजेक्शनची. एके दिवशी ती कामाच्या कपड्यांतच गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, हिला काय झालंय कळत नाही. सिग्नलला उभी असले की आपोआप रेस वाढते, मग कमी होते, परत वाढते. धाप लागल्यासारखी. आणि मग बंदच पडते."

"थंड असताना की गरम झाल्यावर?" त्याने विचारलं.

"गरम झाल्यावर बहुतेक."

"बहुतेक नको. नीट आठव. सकाळपासून सांग."

आणि टिकली सकाळपासून सांगू लागली. पहिलं घर जवळच, तिथवर गाडी ठीक. मग चढावरचे आजोबा. त्यांची शीर कुणाला सापडत नाही, म्हणून ते हिलाच बोलावतात आणि हात पुढे करायच्या आधी आपल्या नोकरीतल्या एका साहेबाची गोष्ट सांगतात. दर वेळी तीच. मग तो पहिलवान. "दंड हा एवढा. सुई बघितली आणि बसल्या जागी आडवा. त्याची आई मला म्हणते, याला उचलायला मदत कर." सायलेंसर हसला. या खेपेला आवाजासकट हसला. टिकली बघतच राहिली.

त्या दिवशी त्याने इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी काढून साफ केली, प्लग बदलला. अशा तक्रारीला आधी हेच करायचं असतं. पण पुढच्या आठवड्यात गाडी परत आली. तिने ती सकाळी ठेवली, संध्याकाळी न्यायला येते म्हणाली.

दुपारी त्याला दोष सापडला. इंजिन गरम करून, चालू ठेवून, तो एकेका सांध्यावर साफसफाईच्या स्प्रेचा बारीक फवारा मारत गेला. थ्रॉटल बॉडी आणि इंजिन यांना जोडणाऱ्या जाड रबरावर खालच्या बाजूने फवारा बसला आणि इंजिनाचा आवाज झटकन बदलला. खाली आरसा धरून पाहिलं तर केसाएवढी चीर. रबर तापून सैल झालं की ती उघडायची आणि तिथून हवा चोरून आत शिरायची. त्या हवेचा हिशेब गाडीतल्या कॉम्प्युटरकडे नाही. तो बिचारा पेट्रोल कमी-जास्त करून मेळ घालत बसायचा. धाप लागायची ती त्यामुळे.

रस्ता ओलांडून त्याने नवीन रबर आणलं. बसवायला अर्धा तासही पुरे होता. ते हातात घेऊन तो स्टुलावर बसून राहिला. हे बसवलं की गाडी ठीक होणार, आणि गाडी ठीक झाली की पुन्हा चहा, घड्याळ आणि 'येते बाबा'.

त्याने रबर फळीवर, ग्रीसच्या डब्यामागे ठेवलं. चिरेवर बोटाने सीलंटचा पातळ थर दिला. आठवडा-दोन आठवडे टिकेल एवढाच.

संध्याकाळी तो तिला म्हणाला, "बघू. परत झालं तर आण."

परत झालं. तिने आणली. तो कधी पंपाचं प्रेशर बघायचा, कधी सेन्सरची वायर. शोध खोटा होता, पण शोधायची रीत अगदी खरी होती, कारण दुसरी त्याला येत नव्हती. टिकली शेजारी उलट्या डब्यावर बसून पाने हातात द्यायची आणि बोलायची. मग तोही बोलू लागला. "तुझ्या आईला मागे बसायची भीती वाटायची," तो एकदा म्हणाला. "डोळे मिटून बसायची. आणि पोचल्यावर सांगायची, काय छान रस्ता होता."

"हे मला माहीतच नव्हतं," टिकली म्हणाली. डोळे पुसताना तिच्या गालाला काळं लागलं, ते त्याने आपल्या त्यातल्या त्यात स्वच्छ फडक्याने पुसलं.

मनाची समजूत त्याने घातली होती. गाडी उभी असतानाच बंद पडते, त्यात धोका कसला? गिऱ्हाइकाची गाडी असती तर असला विचार त्याने क्षणभरही केला नसता. वळणावर माणूस थ्रॉटल सोडतो, वेग कमी असतो, गाडी कललेली असते. तेव्हा इंजिन बंद पडलं तर काय होतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

तसंच झालं. टिकली वळणावर पडली. उजवं मनगट मोडलं.

गाडी टेम्पोत घालून आणली. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी, तरी तीच बापाला धीर देत होती. "तुमचा काय दोष, बाबा? तुम्ही किती खपलात तिच्यामागे. काही गाड्या असतातच तशा." तो खाली मान घालून रबर बदलत होता.

तेवढ्यात समोरचा स्पेअर पार्टवाला विचारपूस करायला आला. त्याने टिकलीच्या डोक्यावर हात ठेवला, कोण कुठला डॉक्टर ते विचारलं, आणि मग त्याची नजर जमिनीवर पडलेल्या, नव्या रबराच्या रिकाम्या पिशवीवर गेली.

"काय रे सायलेंसर, आता बसवतोयस होय ते रबर? कधीचं नेलंयस. मला वाटलं, उबवत बसलायस."

त्याला बिचाऱ्याला काय कल्पना. दुकानात कुणीतरी हाक मारली म्हणून तो निघून गेला.

टिकलीने जुनं रबर डाव्या हाताने उचललं. खालच्या बाजूला सीलंटचे थर होते, एकावर एक. ती मिस्त्रीची मुलगी होती.

"कधी कळलं होतं तुम्हाला?"

खोटं बोलता आलं असतं. "दुसऱ्या वेळेला," तो म्हणाला.

"मग का नाही बसवलंत?"

त्याने हात पुसले. पुसून झाल्यावर परत पुसले.

"तू यायचीस," तो म्हणाला.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, असं त्याला वाटलं. "चढावरचे आजोबा कुणापुढे हात करत नाहीयेत," ती थोड्या वेळाने म्हणाली. "लॅबमधले दोघं जाऊन परत आले." हातातलं रबर तिने खाली ठेवलं. "आई असती तर तिने मला समजावून सांगितलं असतं, बाबांना असं म्हणायचंय म्हणून. मला एकटीला नाही जमत, बाबा."

ती रिक्षाने गेली. त्याने फोन केले. ती उचलायची. "बरी आहे," म्हणायची. "तुमचं?" तो म्हणायचा, "हं." पलीकडे त्या 'हं'मधून काही काढणारं कुणी नव्हतं.

प्लास्टर निघाल्यावर गाडी न्यायला ती आली नाही. लॅबमधली तिची मैत्रीण आली. मनगट अजून वळत नाही, म्हणून तिला सध्या लॅबमध्येच टेबलाचं काम दिलंय, असं तिने सांगितलं. सायलेंसरने गाडी धुऊन-पुसून ठेवली होती. त्याने ती सुरू केली, चांगली गरम होईपर्यंत चालू ठेवली, आणि इंजिन एका लयीत, जराही न अडखळता चालत राहिलं.

"काका, तिला काही सांगू का?" मैत्रिणीने विचारलं.

त्याच्या ओठांवर पुष्कळ काही आलं. टिकलीच्या आईने ते सगळं एका दमात सांगून टाकलं असतं.

"सांग," तो म्हणाला, "आता बंद पडणार नाही."

"आणि?"

"एवढंच."

मैत्रीण गेली. तो दारात येऊन ऐकत उभा राहिला. बिघडलेली गाडी त्याला लांबूनही ओळखू यायची. ही मात्र कोपऱ्यावर चार गाड्यांत मिसळली, आणि त्यातली तिची कुठली, ते कळेना.