अळंबीचा फोटो
अळंबी फोडणीला पडल्याचा वास आला की अजून एक फोटो आठवतो. आमच्या रानभाज्यांच्या ग्रुपवर पाथर्डीकडच्या एका शेतकऱ्यानं अळंबीचा फोटो टाकला होता. ग्रुपवरचा जाणकार म्हणून मी ऐटीत लिहिलं, ‘बिनधास्त खा.’ खर्ड्याच्या एका शिक्षिकेनं लगेच लिहिलं, ‘सर, विषारी वाटतेय.’ सगळ्यांसमोर चूक काढली म्हणून मी त्यांनाच झापलं. तासाभरानं शेतकऱ्याचा मेसेज आला, ‘शिजली. पोरं जेवायला बसलीत.’ मी फोटो मोठा करून पाहिला. देठाच्या बुडाशी विषारी अळंबीला असते तशी पिशवी स्पष्ट दिसत होती. मी लगेच त्याला फोन लावला. त्याचा फोन सारखा बिझी लागत होता. शेवटी त्याचाच आला: ‘खर्ड्याच्या मॅडमशी बोलत हुतो. त्यांनी कढई ओतून टाकायला लावली. कुणी घास घेतला न्हाई.’ मी ग्रुपवरच त्या शिक्षिकेची माफी मागितली. आज कुणी माझं चुकलं म्हटलं, की राग येण्याआधी भीती वाटते.