वाणात आलेली सुई

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण त्या संक्रांतीची केस आठवली की आजही मला हसू फुटतं. तेव्हा मात्र घाम फुटला होता.

मी हैदराबादच्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. पत्नी नारायणगुड्यातल्या हळदीकुंकवाहून खुशीत परतली. वाणात वाटीऐवजी एका ब्यूटी पार्लरचं कूपन होतं: डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या एका इंजेक्शनात गायब, पहिलं फुकट. आमच्या मुलीचं लग्न पंधरवड्यावर आलेलं.

"परवा अकराची वेळ घेतलीय," ती म्हणाली.

मी पेपरात डोकं घालून 'बरं' म्हटलं. पोलिसाला सगळ्या गावाची खबर असते, घरची तेवढी नसते.

दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून एक बाई ठाण्यात आल्या. मूळच्या मराठवाड्याच्या, निवृत्त शिक्षिका. हळदीकुंकू यांच्याच घरी झालं होतं. त्यांनी चष्मा काढला, तर डावी पापणी निम्मी मिटलेली. पार्लरनं वाटायला कूपनं दिली, तेव्हा सुई आधी त्यांनीच टोचून घेतली होती; पापणी आज सकाळी उतरली.

"साहेब, तक्रार नको. या वयात नटायला गेली म्हणून लोक हसतील. पण वाण कुणी नाकारत नाही हो! एकवीस जणी जातील माझ्या हातचं कूपन घेऊन. उद्या अकराला पहिली."

ती पहिली कोण, हे मला ठाऊक होतं.

स्टेशन डायरीत खबर नोंदवली, औषध निरीक्षकांना कळवलं. दुसऱ्या दिवशी अकराला पत्नीचं कूपन घेऊन आमच्या महिला हवालदार पार्लरमध्ये गेल्या, मागोमाग पंचांसह आम्ही. 'डॉक्टर' बिनलेबलच्या बाटलीतून सुई भरताना सापडला. पंचनामा करून बाटल्या सील केल्या.

चौकशीत तासभर हैदराबादी दखनीत एकच पालुपद, कोर्स केलाय, औषध परदेशी आहे: "कोर्स करा मैं, साब. बाहर की दवा है." खोटं बोलणाऱ्याला तहान फार लागते. यानं तांब्या रिकामा केला, पण कबूल होईना.

शेवटी हवालदार बाई बाटलीकडे बोट दाखवून गोड आवाजात म्हणाल्या, "डाक्टर साब, पहले तुम लगालेव ना. तुम्हारे आँखां के बाजू में तो पुराने शहर की सारी गल्लियाँ हैं!"

तो खुर्चीसकट मागे सरकला. "नक्को अम्मा! उसमें क्या है, मेरे कू भी नईं मालूम!"

अख्खं ठाणं खो खो हसलं. शिक्षिकाबाईंना हे सांगितलं, तर त्या ताठ बसल्या. "स्वतःला टोचून घेईना मेला? द्या इकडे पेन!" आणि तक्रारीवर सही ठोकली.

पापणी काही आठवड्यांत उघडेल, असं त्वचारोगतज्ज्ञ म्हणाल्या. पत्नीनंही विचारून घेतलं. असं इंजेक्शन खरंच असतं, पण शिकलेल्या डॉक्टरकडून, तपासलेल्या औषधाचं. परिणाम काही महिने टिकतो. नाहीतर सुरकुत्या वाढू नयेत म्हणून रोज उन्हाचं क्रीम लावायचं. हिनं क्रीम घेतलं आणि लग्नात पोटभर हसली.

या केसनं मला एक शिकवलं. नटावंसं वाटणं हा गुन्हा नाही. त्याची लाज वाटली, की भामट्याचं फावतं.

पुढच्या संक्रांतीला त्याच बाईंच्या घरून वाण आलं: उन्हाच्या क्रीमची ट्यूब. पत्नीनं ती माझ्यापुढे धरली. "तपासा, साहेब."

मी पेपर बाजूला ठेवला, चष्मा लावला आणि लेबल शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.