गेटच्या ग्रुपमधलं नाव

आमच्या यार्डातला गेट इन्चार्ज वारला, आणि त्यानंतरही बरीच वर्षं त्याला कंटेनर सोडण्याचा अधिकार होता. त्याने तो कधी वापरला नाही, ही गोष्ट वेगळी.

यार्ड पनवेलजवळच्या कोन गावाच्या पुढे होतं. बंदरातून आलेले कंटेनर आमच्याकडे उतरायचे, कस्टमचं काम होईपर्यंत उन्हात तापत राहायचे आणि मग ट्रकवर चढून बाहेर पडायचे. बाहेर पडताना गेटच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाने संगणकावर एक स्क्रीन उघडून मंजुरी द्यायची. हा स्क्रीन कुणाला उघडेल, हे सर्व्हरवरच्या एका यादीवर, म्हणजे ग्रुपवर ठरायचं. ज्याचं नाव गेटच्या ग्रुपमध्ये, त्यालाच तो उघडायचा. सगळी कंपनीच अशा ग्रुपांमध्ये वाटलेली होती. कुणाचा कागद कुठल्या प्रिंटरवर निघायचा, कुणाला कुठला दरवाजा उघडायचा, कुणाला कुठली मेल जायची, सगळं त्यावरच. हे ग्रुप सांभाळायचं काम माझ्याकडे आणि खारघरहून येणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याकडे होतं. मी पनवेलहून स्कूटरवर यायचो, तो कंपनीच्या बसने. आमच्या मतांमध्येही साधारण तेवढंच अंतर होतं.

नवीन माणूस आला की त्याला ग्रुपमध्ये घालायची सगळ्यांना घाई. काढायची घाई कुणालाच नसे. कुणी नोकरी सोडली की मी त्याच्या विभागात फोन करून विचारायचो, "काढू का?" उत्तर ठरलेलं असायचं. "असू दे की. काय खातोय का तुमचं?" त्यामुळे आखातात गेलेले, दुसऱ्या यार्डात गेलेले आणि वर गेलेले, सगळे आमच्याकडे हजर असत.

त्यात लग्न झालेल्या मुलींची आणखी एक रांग होती. एचआरच्या सॉफ्टवेअरमध्ये नावाची चौकट एकदा भरली की कुलूपबंद व्हायची. म्हणून मुलीचं लग्न झालं की एचआरच्या मॅडम जुना नंबर 'सोडून गेल्या' असा बंद करायच्या आणि सासरच्या नावाने नवा नंबर काढायच्या. मग ती मुलगी पेढ्यांचा बॉक्स घेऊन आमच्याकडे यायची. आम्ही पेढा खाऊन नवं नाव जुन्या नावाच्या सगळ्या ग्रुपांमध्ये घालायचो. जुनं नाव तसंच राहायचं. लग्न झालेल्या मुलीचं कपाट माहेरी लगेच कुणी रिकामं करत नाही, तसं.

गेटवर जी इन्चार्ज होती, तिचंही असंच झालं होतं. ती उरणकडच्या खाडीकाठच्या कोळी घरातली. कागदपत्रांच्या विभागात लागली, पण लक्ष सगळं गेटकडे. आधीच्या इन्चार्जने तिला काम शिकवलं. तो गेल्यावर त्याच्या खुर्चीत कुणाला बसवायचं, यावर दोन बैठका झाल्या. तोवर ती तिथे बसून काम करायलाही लागली होती. ट्रकवाले तिला ताई म्हणत आणि ऐकत. सासरी मात्र ही नोकरी कुणाला आवडत नव्हती. सुनेने ऑफिसात बसावं, ड्रायव्हरांशी दिवसभर काय बोलायचं, असं त्यांचं म्हणणं असल्याचं तिच्याच तोंडून एकदा ओझरतं ऐकलं होतं. त्याहून जास्त तिने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

एके वर्षी ऑडिटर आला. वारलेल्या माणसाला अजून कंटेनर सोडता येतात, हे त्याच्या लक्षात आलं. अहवालात त्याने ते जाड अक्षरात लिहिलं. आमच्या मोठ्या साहेबांना जाड अक्षरांचं भय होतं. पंधरवड्यात माझ्या सहकाऱ्याला एक प्रोग्राम लिहायची आज्ञा झाली. एचआरने कुणाचा नंबर बंद केला की तासाभरात तो माणूस सगळ्या ग्रुपांमधून आपोआप निघाला पाहिजे. कुणालाही विचारायचं नाही. सहकाऱ्याने तो छान लिहिला. खरोखरच छान होता तो. मी एकच विचारलं, चुकून निघालेल्याला परत घालायचं कसं? तो म्हणाला, ते या प्रोजेक्टमध्ये नाही.

उद्घाटनाचा सोहळा झाला. साहेबांनी कामाला 'शुद्धी' असं नाव दिलं आणि त्याचा फ्लेक्स पनवेलहून छापून आणला. त्यावर साहेबांचा फोटो होता आणि सर्व्हरचाही, थोडा लहान. सर्व्हरच्या खोलीत आग आणि पाणी चालत नाही, म्हणून बॅटरीवर जळणारी समई आणली आणि नारळ जिन्यात फोडला. साहेब नदीच्या प्रवाहाबद्दल आणि साचलेल्या पाण्याबद्दल बोलले. मग त्यांनी एक बटण दाबलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर एकेक नाव येऊन पुसलं जाऊ लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लग्न झालेल्या मुलींची माहेरची नावं आली तेव्हा हशा पिकला, एकमेकींना कोपरं मारून झाली. मग वारलेल्या इन्चार्जचं नाव आलं. टाळ्या चालूच होत्या, कारण मध्येच थांबवायच्या कशा हे कुणाला सुचलं नाही. गेटवरची ती मागे दाराशी उभी होती. तिने हात पदराखाली घेतले.

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. एका सकाळी ती आमच्याकडे आली. हातात पेढे नव्हते. खुर्चीत बसून तिने हळू आवाजात सांगितलं की पनवेलच्या कोर्टातून घटस्फोटाचा कागद मिळाला आहे आणि आता वडिलांचं नाव लावायचं आहे. ऑफिसात कुणाला माहीत नाही, माहीत व्हायची गरजही नाही.

"सर, माझं आधीचं नाव असेल ना तुमच्याकडे? तेच चालू करा. उगाच नवीन कशाला?"

मी तिला सांगितलं की ते आता नाही. 'शुद्धी'मध्ये नंबरासकट कायमचं पुसलं गेलं.

"टाळ्या वाजल्या तेव्हा?"

"तेव्हाच."

ती किंचित हसली. म्हणाली, बघितलं होतं मी ते, पण तेव्हा वाटलं काय करायचंय आता त्याचं.

एचआरला अजून काही देऊ नकोस, मी आधी बोलतो, असं मी म्हणालो. पण ती कागद तिथे देऊनच आली होती, आणि एचआरच्या मॅडमनी त्यांच्या पद्धतीने जुना नंबर बंद केला होता. दुपारच्या आत प्रोग्रामने तिला सगळ्या ग्रुपांमधून काढलं. मग ठरल्याप्रमाणे सगळ्यांना मेल गेली. त्या मेलचा मजकूर साहेबांनी स्वतः इंग्रजीत बसवला होता. अमुक व्यक्ती आता आपल्यात नाही, तिच्या पुढच्या प्रवासाला शुभेच्छा. राजीनामा, निवृत्ती आणि मृत्यू, तिन्हींना तोच मजकूर. ती मेल सगळ्या कंपनीने वाचली. एकटी ती वाचू शकली नाही, कारण मेलच्या ग्रुपमधून ती आधीच निघालेली होती.

मी गेटवर गेलो तेव्हा ट्रकची रांग रस्त्यापर्यंत आली होती. तिचा स्क्रीन उघडत नव्हता. नेऱ्याहून येणारा तिचा सहाय्यक तिच्या खुर्चीत बसला होता, कारण त्याचं नाव ग्रुपमध्ये होतं. ती शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर. प्रत्येक गाडीला तो मान वळवून विचारायचा, "ताई, सोडू का ही?" ती कागद बघून मान हलवायची. मध्येच तिचा फोन वाजे आणि कुणीतरी काळजीने विचारे, काय झालं, कुठे चाललीस. जे तिला कुणाला सांगायचं नव्हतं, ते दिवसभरात ती बऱ्याच जणांना तुकड्यातुकड्याने सांगत होती.

मी एचआरच्या मॅडमना गाठलं. त्या घाबरल्या होत्या, पण ठाम होत्या. मुली नाव बदलतात तेव्हा आपण असंच करतो, म्हणाल्या. मी म्हटलं, पण हिचं लग्न झालेलं नाही, मोडलं आहे. त्या म्हणाल्या, उलट असलं तरी पद्धत तीच.

खरा घोळ संध्याकाळी कळला. नवा नंबर म्हणजे नवी भरती. मुख्य कार्यालयाचा नियम असा होता की नव्या माणसाला गेटच्या ग्रुपमध्ये घालायचं तर आधी त्याची गेटच्या कामाची परीक्षा घ्यायची आणि त्या यार्डाच्या गेट इन्चार्जने संगणकावर 'सक्षम' अशी खूण करायची. तोवर तिला कागदपत्रांच्या विभागात बसावं लागणार होतं. इतक्या वर्षांनी, जिथून सुरुवात केली तिथेच. गेट हातचं जाणार, हे आम्हाला सगळ्यांना कळलं. एकदा गेलेलं गेट परत मिळत नाही. दुसऱ्या यार्डातले दोघे त्या जागेवर डोळा ठेवून होतेच.

साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. माझा सहकारी, एचआरच्या मॅडम, मी आणि ती. साहेब वाईट माणूस नव्हते. वाईट वाटत असताना ते जास्तच लांबण लावत, एवढंच. प्रक्रिया, पारदर्शकता वगैरे झाल्यावर ते तिला म्हणाले, यावर सोपा उपाय आहे. सासरचं नाव राहू द्या. तो नंबर आपण परत उघडू, गेटही राहील. शिवाय तुमचं वय काय, उद्या परत नाव बदलायची वेळ आली तर सगळं पुन्हा करत बसायचं का?

मॅडमनी पंख्याकडे बघितलं.

"साहेब, मी घर सोडलं, गेट नाही सोडलं," ती म्हणाली. "त्या नावाने गेटवर बसायचं होतं तर मी कोर्टात कशाला गेले असते?"

साहेब पाणी प्यायले. मग म्हणाले, नियम मी मोडू शकत नाही, परीक्षा द्या. इन्चार्जकडून खूण घ्या.

"इन्चार्ज कोण?" मी विचारलं.

माझ्या सहकाऱ्याने खाली बघत सांगितलं की सिस्टीमप्रमाणे इन्चार्ज कंपनी सोडून गेल्या आहेत. सहाय्यकाची खूण चालत नव्हती, साहेबांचीही नाही. नवा इन्चार्ज नेमायचा तर त्यालाही आधीच्या इन्चार्जची खूण लागणार होती.

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "मग तिला एका दिवसासाठी परत बोलवा."

"कुणाला?" साहेबांनी विचारलं.

"मलाच."

साहेबांना ते कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी, एखाद्या धरणाला मंजुरी द्यावी अशा चेहऱ्याने, प्रोग्राम एक दिवस बंद ठेवायची परवानगी दिली. तशी लेखी नोंद ठेवा, असंही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी तिचा सासरच्या नावाचा नंबर उघडला. ग्रुप काही आपोआप परत आले नाहीत. तो प्रोग्राम फक्त काढायचा होता. मी तिला एकेका ग्रुपमध्ये हाताने घातलं. सगळ्यात शेवटी गेटचा ग्रुप. माझा सहकारी मागे उभा राहून बघत होता. त्याने फक्त एवढंच विचारलं, हे असं प्रत्येक वेळी करायचात तुम्ही? मी म्हटलं, पेढे असायचे तेव्हा.

मग मी आणि ती गेटवर गेलो. सहाय्यक उठला, ती तिच्या खुर्चीत बसली. सासरच्या नावाने आत गेली आणि वडिलांच्या नावाच्या उमेदवाराची परीक्षा उघडली. प्रश्न तिनेच दोन वर्षांपूर्वी लिहून दिलेले होते. नियम असा की इन्चार्जने तोंडी विचारायचं आणि उत्तर बरोबर असलं तर खूण करायची. मला वाटलं, झटपट सगळ्या खुणा करून मोकळी होईल. बाहेर गाड्या उभ्या होत्या. पण ती एकेक प्रश्न ओठ हलवत वाचत होती, थांबत होती, मग खूण करत होती.

"करून टाक ना सगळ्या," मी म्हणालो.

"थांबा सर. विचारल्याशिवाय सही नाही करत मी."

एका प्रश्नावर ती जास्त थांबली. कंटेनरचं सील तुटून परत जोडलेलं आहे हे कसं ओळखाल? तिने उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर सावकाश फिरवला. डोळ्यांवर विश्वास ठेवू नको, बोट फिरव, असं आधीचा इन्चार्ज तिला सांगायचा. मीही ते ऐकलं होतं. मग तिने खूण केली. शेवटी स्क्रीनवर विचारणा आली, उमेदवार सक्षम आहे का? तिने हो म्हटलं आणि त्या नावातून बाहेर पडली.

नव्या नावाला गेटच्या ग्रुपमध्ये मी तिथल्याच संगणकावरून घातलं. सहकाऱ्याने फोन करून विचारलं, जुना नंबर आज परत बंद होणार, प्रोग्राम चालू होईल, मग ती मेल पुन्हा जाईल. एवढ्यापुरती ती थांबवू का? मी तिला विचारलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "गेलीच आहे ती."

तिने नवं नाव टाईप केलं. म्हणजे जुनंच. बोटं एकदा चुकली, पुसून परत लिहिलं. स्क्रीन उघडला. टाळ्या वाजवायला तिथे कुणी नव्हतं, सहाय्यक चहा आणायला गेला होता. रांगेतल्या पहिल्या गाडीचा ड्रायव्हर, उरणकडचाच असावा, खाली उतरून आला आणि त्याने खिडकीच्या काचेवर टकटक केलं.

"ताई, गेट चालू हाय का आज?"

ऑफिसात ती नेहमी आमच्यासारखं बोलायची.

"हाय," ती म्हणाली आणि कागदासाठी हात बाहेर काढला.